डावी बाजू सरळ

आधीच्या दोन स्थळांनी हर्षालीच्या कुरळ्या केसांना नावं ठेवली होती. म्हणून या खेपेला तिने पंधरा दिवस रिव्ह्यू वाचून समुद्राच्या दमट हवेत टिकणारं सीरम आणि केस जळू नयेत म्हणून स्प्रे निवडला. स्ट्रेटनर मालवणच्या बाजारातून आणला. तारकर्लीचा वायरमन मुलगा अकराला बघायला येणार होता.

साडेदहाला डावी बाजू मस्त सरळ झाली आणि लाईट गेली. केस धुवून पुन्हा सगळे कुरळे करायला आता वेळ नव्हता. आईने वेणी घालून पाहिली, तर एक बाजू चपटी आणि दुसरी टोपलीएवढी!

"आता काय करूचा गो?" आई रडकुंडीला आली.

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. मुलगाच होता. बाबांनी स्पीकर लावला.

"काका, तुमच्या वाडीची लाईन मीच बंद केलंय. आमी चाय पिताना लाईट जावक नको, म्हणान तारेर इलेल्यो झावळ्यो तोडतंय."

हर्षालीने थंड पडलेला स्ट्रेटनर उगाच एकदा केसांवरून फिरवला.



फोनवर मुलगा पुढे म्हणाला, "लाईट इली की समजा, मी तुमच्या दारात इलंय!"