घरचा माणूस

तरसेम सिंगांनी फोन स्पीकरवर टाकला तसा नवराज ट्रकखालून सरपटत बाहेर आला. पलीकडून इमिग्रेशन कचेरीची बाई बोलत होती. ब्रॅम्प्टनच्या या गॅरेजात नवराजने वर्षभर मेकॅनिकचं काम केलं, असं पत्र तरसेम सिंगांच्या सहीने अर्जाला जोडलेलं होतं. ते खरं का, एवढंच तिला विचारायचं होतं. कॅनडात कायमचं राहायला मिळणं या एका वर्षावर अडलं होतं आणि कामाचा परवाना दीड महिन्यात संपत होता.

नवराज हात पुसत चाचाजींच्या खुर्चीपाशी उभा राहिला. गॅरेजचे मालक तरसेम सिंग यांना तो चाचाजी म्हणायचा. पगारी नोकर म्हणून केलेलंच काम धरतात, स्वतःच्या धंद्यातलं एक दिवसही नाही, हे त्याने कालच त्यांना समजावलं होतं. चाचाजींनी ते दोनदा वदवून घेतलं होतं. म्हाताऱ्याच्या डोक्यात शिरत नाही, असं वाटून नवराजला त्यांची कीवच आली होती.

नवराज तुमच्याकडे नोकरीला आहे ना, असं बाईने विचारलं.

"नोकरीला?" तरसेम सिंग दुखावल्यासारखे म्हणाले. "आमच्यात असं बोलत नाहीत, बाई. मुलगाच आहे तो माझा. किल्ल्या त्याच्याकडे, यायचं-जायचं त्याच्या मर्जीने. मालक तो. मी नुसता खुर्ची उबवतो."

गुरुद्वाऱ्यात चारचौघांसमोर चाचाजी हेच म्हणायचे, तेव्हा नवराजची छाती फुगायची. आज तो मान हलवून त्यांना नको, नको अशी खूण करू लागला.

धंद्यात त्याची भागीदारी आहे का, बाईचा आवाज आता कोरडा झाला होता.

"भागीदारी कसली? सगळं त्याचंच."

नवराज पुढे झुकला. चाचाजींनी ओठांवर बोट ठेवलं. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे त्याच्या हाडीमांशी मुरलेलं. तो गप्प राहिला आणि त्या गप्प राहण्याची त्याला तिथल्या तिथे चीड आली. तसं नोंदवते, म्हणून बाईने फोन ठेवला.

"चाचाजी, तुम्हाला ठाऊक होतं," नवराज म्हणाला.

तरसेम सिंगांनी सावकाश पगडी सारखी केली. कॅलगरीच्या गॅरेजवाल्याने गेल्या आठवड्यात माझ्याकडे तुझी चौकशी केली होती, असं त्यांनी न रागावता सांगितलं. कायमचा कागद हाती आला की तू तिकडे जाणार, हेही त्याच्याकडूनच कळलं, म्हणाले.

"काळजी कशाला करतोस, पुत्तर? नव्या परवान्याचे कागद मी करून देतो. फक्त या गॅरेजपुरता." ते थांबले. "म्हणजे, तुला हवा असेल तर."

नवराजने हात पुन्हा एकदा पुसले. मग नवराज वाकला.

तरसेम सिंग खुर्चीतून उठले नाहीत. पाय तेवढे जरा पुढे केले.