चौथे पुस्तक

"घाबरलीस तर माझा हात धर," पाठीवर हवेची टाकी बांधताना हे म्हणाले. कॅरिबियन समुद्रात आम्ही दोघेही प्रथमच उतरत होतो. परंतु सागरी जीवांवरील तीन पुस्तके ह्यांच्या नावावर होती. लिहिली मी होती. प्रस्तावनेत माझे आभार मानले आहेत, सुवाच्य अक्षराबद्दल.

दहा फुटांवरच ह्यांचे कान ठणकले. मदतनिसाने ह्यांना नावेत परत नेले. मी प्रशिक्षकाबरोबर खाली गेले. प्रवाळाआडून एका ऑक्टोपसने माझ्याकडे पाहत तीनदा रंग बदलला. चौथ्या पुस्तकाचे पहिले वाक्य मला तिथेच सुचले.

वर आले तेव्हा हे वही उघडून बसले होते. "हं, सांग. काय काय पाहिलं आपण?"

"विशेष काही नाही हो," मी म्हणाले. "सगळं तुमच्या पुस्तकांत आहेच."