नवख्यांचं टेबल

बाईंनी घोडदळ उचललं आणि सरळ नदीत ठेवलं.

"पूल इकडं आहे," आप्पा म्हणाले. "घोडे नदीत उतरत नाहीत."

दारात उभ्या क्लबाच्या सेक्रेटरीनं कपाळाला हात लावला. एवढ्या चुका करायला यांना कुणी सांगितलं होतं?

क्लबात शिशाच्या छोट्या सैनिकांच्या लढाया चालत. टेबलावर डोंगर, नदी, गाव, आणि शेजारी नियमांचं विटेएवढं जाड पुस्तक. नवख्यांना शिकवायचं काम आप्पांचं. बायको गेल्यापासून ते घराबाहेर पडत ते फक्त या टेबलासाठी, दर रविवारी. पण खालची 'नवख्यांना शिकवतो' ही पाटी वाचून वर येणारे एकामागून एक डाव अर्धा टाकून गेले होते. काल आप्पांनी सांगून टाकलं, की आपल्याला शिकवता येत नाही. उद्याचा माणूसही उठून गेला तर क्लबाची किल्ली परत घ्या, मी पुन्हा येणार नाही.

मग सेक्रेटरीनं आपल्या बायकोला मध्ये घातलं. तिच्या ऑफिसातली एक मैत्रीण दुसऱ्या क्लबातली मुरलेली खेळाडू होती. इथं तिला कुणी पाहिलेलं नव्हतं, सेक्रेटरीनंसुद्धा. तिनं नवखी म्हणून यायचं आणि डाव संपेपर्यंत बसायचं, एवढंच ठरलं होतं. ठरल्या वेळी बाई जिना चढून आल्या, तेव्हा तो ओळखीचं हसला. त्याही हसल्या.

आता बाईंनी तोफ डोंगराआडून डागली. आप्पांनी पुस्तकातून नियम वाचला, मग त्याचा अपवाद वाचला, मग त्या अपवादाचा अपवाद शोधायला लागले. बाईंनी पर्स खांद्याला लावली.

"मला नाही जमायचं हे. उगाच तुमचा वेळ."

सेक्रेटरी दारातून एक पाऊल आत आला. नाटकाची हद्द झाली होती.

आप्पांनी पुस्तक मिटून खुर्चीखाली सारलं. तोफा उचलल्या, घोडदळ उचललं, दोन्ही बाजूंना मूठभर पायदळ तेवढं ठेवलं.

"आमच्या हिलाही पुस्तक झेपलं नव्हतं," ते म्हणाले. "तिला असंच शिकवलं. चालायचं, फासे टाकायचे, कोण पडलं ते बघायचं. बाकीचं लागेल तेव्हा. बसा."

बाई उभ्याच राहिल्या. मग पर्स खाली ठेवली.

हळूहळू घोडदळ परत आलं, मग तोफाही. बाई पुढं वाकून खेळत होत्या. शेवटी त्यांनी आप्पांचं गाव घेतलं, तेव्हा आप्पा हसून म्हणाले, की पहिल्याच दिवशी मला घराबाहेर काढलंत की.

आप्पा सैनिक पेटीत भरत असताना सेक्रेटरीनं बाईंना जिन्यात गाठलं.

"छान केलंत. मध्ये उठलात तेव्हा मात्र जीव टांगणीला लागला हो. पुढच्या रविवारी जरा कमी चुका करा."

बाई ओशाळल्या. घरी सराव करते म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बायको होती.

"अहो, माझी मैत्रीण म्हणतेय, रागावू नका. सकाळपासून पोराला ताप, घरातून निघताच आलं नाही तिला. पुढच्या रविवारी आली तर चालेल का?"