वेणी

त्याची बायको वारली त्या सकाळी शेजाऱ्यांच्या आधी सरकारी अधिकारी दारात आला.

"देशाची जिम्नॅस्ट आहे तुमची मुलगी. परवा अंतिम फेरी. तिला कळता कामा नये. पदक आलं, की आम्हीच सांगू."

अधिकाऱ्यानं मुलीला फोन जोडून दिला आणि शेजारीच बसला.

"बाबा, आईला द्या ना!"

"झोपलीय गं," तो अधिकाऱ्याकडे बघत म्हणाला.

"मग टीव्हीपुढे बसवा तिला. उडीआधी मी वेणी ओढीन, ती ओढते तशी. फक्त तिच्यासाठी!"

तिनं वेणी ओढली, सुवर्णपदक जिंकलं. पेपरांनी छापलं: वेणी ओढून तहहयात राष्ट्राध्यक्षांना मानवंदना. आता शाळाशाळांतून पोरी त्यांच्या तसबिरीसमोर रोज वेणी ओढतात.

वर्ष झालं, तिच्या मिरवणुका संपत नाहीत, तिला घरी येऊ देत नाहीत. दर रविवारी तिचा फोन येतो, अधिकारी शेजारी असतोच.

आई गेली, हे तिला सांगायचं राहिलंय.