बंद दाराची कडी

प्रयोगशाळेत यंत्राचा हात संकटकाळच्या दाराची कडी दिवसरात्र उघडत होता, लावत होता. बऱ्याच वर्षांची झीज थोड्या दिवसांत दिसावी, म्हणून ही सगळी घाई. कडी कुरकुरली नाही की अडली नाही. चालून चालून उलट जास्तच लकाकली.

चाचणी घेणारी इंजिनियर बाई भडकली होती. "साहेब, हे दार रोज कोण उघडणार आहे? ते वर्षानुवर्षं बंदच राहणार. ही कडी खाऱ्या, दमट हवेच्या पेटीत महिनाभर तशीच लावून ठेवा. वर्षांचा गंज तिथेच चढेल. मग उघडून बघा."

"बाई, बंद कडीची कसली आलीय चाचणी? ती काय आत बसून अंडी उबवणार आहे?" साहेब हसले, आणि त्यांच्यामागून सगळी खोली हसली. पेटी रिकामीच राहिली. कडी बाजारात गेली.

काही वर्षांनी एका शिवणकारखान्याला आग लागली. मागच्या दाराची कडी गंजून बसली होती. तिच्यावर नखांचे ओरखडे होते, आणि दारापाशी एक तरुण मुलगी पडली होती.

चौकशीच्या दिवशी साहेब छाती काढून म्हणाले, "अहो, आम्ही ही कडी लाख वेळा उघडून पाहिलीय!"

मागच्या बाकावरून त्या मुलीची आई ताडकन उठली.



"माझ्या लेकीला ती एकदाच उघडायची होती रे!"