दोन तुकडे पाव

“खा. आणि काय होतं ते माझ्या तोंडावर सांग,” सासूने बशी सुनेपुढे सरकवली.

बशीत पावाचे दोन जाड तुकडे होते. सून तीन महिन्यांनी पावाला हात लावत होती. समोर नवरा चहाच्या कपात तोंड खुपसून बसला होता. आई आणि बायको यांच्या मध्ये पडायचं नाही, एवढं शहाणपण त्याला लग्नानंतर आठवड्याभरातच आलं होतं.

घराखालीच बेकरी. सासूने ती तीस वर्षं एकटीच्या हिमतीवर चालवलेली. तिचा एक नियम होता. सकाळच्या पहिल्या घाण्याचा पाव घरच्यांनी गिऱ्हाइकांसमोर खायचा, मगच विक्री सुरू. आम्ही खातो तेच विकतो, हे ती मोठ्या तोऱ्यात सांगायची. आणि याच नियमाला सुनेने भर दुकानात सुरुंग लावला होता.

“मी नाही खाणार. याने माझं पोट दुखतं.”

रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. सासूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सुनेचं दुखणं तसं जुनंच. खाल्लं की पोट टम्म फुगायचं, मग जुलाब. तोंड तर कायमचं आलेलं. केस मुठीने गळायचे. गोळ्यांवर गोळ्या गिळूनही अंगात रक्त भरत नव्हतं. बेकरीतून घरात यायला अठरा पायऱ्या, पण मध्येच बसावं लागायचं.

“काम दिसलं की बरं दुखायला लागतं!” सासू म्हणायची. “नाटकं नुसती.”

सुनेने आपल्या मनानेच गहू सोडला. थोडा आराम पडला. मग एका डॉक्टरीणबाईंनी तिचं सगळं नीट ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, “सीलिअ‍ॅक असू शकतो. या आजारात गहू आतड्याला बाधतो. पण तुम्ही गहू बंद केलाय, आत्ता तपासलं तर आजार असूनही रिपोर्ट स्वच्छ येईल. सहा आठवडे रोज दोन तुकडे पाव खा, तेवढा गहू पुरे; पोळी वगैरे बंदच राहू दे. मग रक्त तपासू.”

सासू शेजारीच बसली होती. “पाव मी स्वतः करून घालीन,” ती ताडकन म्हणाली. “आणि बाहेरचं बिस्किटसुद्धा खायचं नाही. दुसऱ्याचा माल बाधायचा आणि नाव माझं जायचं.”

आज त्यातला पहिला दिवस होता. सुनेने घास घेतला.

“भुरभुरीत झालाय.”

“घरच्या ओव्हनमधला आहे. भट्टीची सर कुठून येणार त्याला? खा मुकाट्याने.”

सुनेने दोन्ही तुकडे संपवले, बशी धुऊन ठेवली आणि पोट दुखायची वाट बघत बसली. दुपार झाली. संध्याकाळ झाली.

“काय, दुखतंय?” सासूने विचारलं.

“नाही.”

सासू तिच्याकडे बघतच राहिली.

दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला तरी नाही. तिसऱ्या आठवड्यात तोंड बरं झालं. चौथ्यात सून अठरा पायऱ्या एका दमात चढली आणि वर येऊन ढसाढसा रडली. बरं वाटतंय म्हणून रडणारी बाई नवऱ्याने पहिल्यांदाच पाहिली.

“म्हणजे मी वेडी आहे का रे?” ती म्हणाली. “एवढी वर्षं दुखत होतं ते काय होतं?”

नवरा जरा घुटमळला. “आईला सांग ना, थोडं दुखतंय म्हणून. रिपोर्ट येईपर्यंतच. नाहीतर ती जन्मभर तुला टोमणे मारेल.”

“तुला काय वाटतं, मी आधी खोटं बोलत होते?”

“नाही गं!”

“मग आता कशाला बोलायला लावतोस?” तिने डोळे पुसले. “दुखत होतं तेव्हा दुखतं म्हणाले, कुणी ऐकलं नाही. आता दुखत नाही तर नाही म्हणणार. पोट माझं आहे. त्याच्याबद्दल मी कुणाच्या सोयीने बोलणार नाही. मारू देत टोमणे.”

टोमणे मात्र आलेच नाहीत. सासू दिवसातून दोनदा खोदून खोदून विचारायची. मळमळ? चक्कर? नक्की ना? सून ताठ मानेने नाही म्हणायची. एकदा भट्टीवाला हसत म्हणाला, “मानवला की सूनबाईंना पाव!” तर सासू त्याच्यावरच खेकसली. “तू तुझं पीठ मळ!”

सहा आठवडे संपले. रक्त दिलं. रिपोर्ट घ्यायला तिघंही गेली.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. “स्वच्छ आहे. आणि गहू खाऊनही त्रास नाही म्हणता, म्हणजे सीलिअ‍ॅक नाही. गव्हाचं खुशाल खा.”

“सुटलो!” नवरा म्हणाला.

सून उभी राहिली. “सुटलो कसले? डॉक्टर, मी आजारी होते. कागदावर काहीही येऊ दे. का बरी झाले ते मला ठाऊक नाही, पण मी नाटक केलं नव्हतं. आई, तुम्हाला हसायचं तर हसा. उद्या दुकानात सगळ्यांना सांगा. मी हेच म्हणेन.”

सासू हसली नाही. तिने पुढे होऊन टेबलावरचा रिपोर्ट उचलला आणि सरळ फाडला.

“बाई, पुन्हा तपासा हिला,” ती डॉक्टरांना म्हणाली. “हिचं नाटक उघडं पाडायचं म्हणून सहा आठवडे मी हिला गव्हाचा सांगून तांदळाचा पाव घातला, आणि ही मेली एकदाही दुखतं म्हणाली नाही.”