गल्लीचा दर

“आता तिचं मोजा,” थोरली म्हणाली.

पालिकेचा माणूस फीत गुंडाळत होता. “मोजलं की, मावशी. सोळा बाय अकरा. तुमच्याएवढंच.”

“मग तिला कर चौथाई कसा?”

“तुमचं दार मोठ्या रस्त्यावर आहे. त्यांचं गल्लीत. दार उघडतं तिथला दर लागतो.”

थोरलीनं हातातली इस्त्री आदळली. छप्पर एक. भिंती त्याच. पाऊस आला की दोघींकडे एकाच जागी गळतं. आणि कर मात्र आपल्याला पोतंभर, तिला चिमूटभर!

इस्त्रीच्या दुकानाच्या फळीवर नोटीस चिकटवलेली होती. महिनाअखेर कर भरला नाही तर दुकानाला सील. थोरलीच्या पोटाला दुसरं काही नव्हतं. पण खरं सांगायचं तर नोटिशीपेक्षा धाकट्या जावेची पावतीच तिला जास्त झोंबली होती. कराच्या रांगेत धाकटीनं दोन नोटा दिल्या आणि वर सुट्टे परत घेतले, हे थोरलीनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. त्या दिवसापासून तिला घास गोड लागत नव्हता. अर्ज करून या माणसाला तिनंच बोलावलं होतं. आपला कर कमी होत नसेल तर निदान तिचा वाढावा.

पूर्वी सगळं एकच घर होतं. धाकटी मागं कपडे शिवायची, थोरली पुढं इस्त्री करायची, मधल्या दारातून शिवलेला कपडा इकडं यायचा. मग भाऊ भाऊ वेगळे झाले. पुढची बाजू थोरलीनं भांडून घेतली. “पुढून आम्ही, मागून तुम्ही,” असं चार माणसांत म्हणाली. त्याच दुपारी तिनं मधल्या दाराला कडी घातली आणि पुढं लोखंडी कपाट सरकवलं. पलीकडून धाकटीनंही कडी घातली असणार, हे तिनं धरूनच टाकलं आणि तेवढ्यावर पंधरा वर्षं राग पोसला. आता दोन्ही भाऊ गेले होते. राग तसाच धडधाकट होता.

धाकटीचं सगळं तिला पाठ होतं. पडदे कधी बदलले, चप्पल कितीची घेतली. एवढंसं ते शिलाईचं मशीन आणि तेलाची बाटली दर महिन्याला नवी! “कर वाचतो ना,” ती गिऱ्हाइकांना सांगायची, “मग तेल उतू जाणारच.”

“बरं,” तिनं त्या माणसाला विचारलं, “कोपऱ्यावरचा तो तीन मजली कापडवाला. त्याची तर चांगलीच कंबर मोडत असेल?”

तो ओशाळं हसला. “त्याचं फाटक मागं गल्लीत आहे, मावशी. पुढं नुसती काच. काचेला दर नसतो.”

थोरलीनं मान वळवून कोपऱ्याकडं पाहिलं. तीन मजले गल्लीच्या दरात, आणि तिची एक खोली मोठ्या रस्त्याच्या!

“म्हणजे पैसेवाल्यानं पाठ फिरवली की माफी, आणि आम्ही तोंड दाखवलं की दंड?”

“नियम मी केला नाही.”

“मग माझंही दार बुजवा. पुढं खिडकी ठेवते. खिडकीतून घेईन कपडे.”

“बुजवा की. पण आत शिरणार कुठून? गल्लीत जायची वाट त्यांच्या खोलीतून आहे. त्यांची सही लागेल.”

थोरलीनं नाक मुरडलं. सही? तिची? त्यापेक्षा सील लागलेलं परवडलं. धाकटी मघापासून दुकानाच्या पायरीवर उभी होती. गळ्यात मापाची पट्टी, ओठांत टाचण्या. सगळं ऐकलं असणारच. आता हसेल. हसायलाच हवं, आपण असतो तर पोट धरून हसलो असतो.

धाकटीनं ओठांतल्या टाचण्या काढून पदराला लावल्या.

“कुठं करायची सही?”

“आधी वाट दाखवा,” तो माणूस म्हणाला. “दार उघडत असेल तर आत्ताच लिहून घेतो.”

“मी पलीकडून येते,” म्हणत धाकटी वळसा घालून गेली.

थोरलीनं आणि त्या माणसानं मिळून कपाट बाजूला केलं. मागं जळमटं आणि गंजून लाल झालेली कडी. ती हलेना. थोरलीनं इस्त्रीच्या टोकानं चार ठोके दिले, तेव्हा कुठं ती निघाली.

“काही उपयोग नाही,” ती पुटपुटली. “तिकडूनही कडी असेल.”

“इकडं कडीच नाही, जाऊबाई,” दारामागून आवाज आला. “कधीच नव्हती.”

 थोरलीनं डोळे मिटून दाराला खांदा लावला, होता नव्हता तेवढा जोर केला, आणि तोल जाऊन सरळ धाकटीच्या अंगावरच गेली. पंधरा वर्षं मिटलेलं दार करकरलंसुद्धा नाही. पलीकडच्या तिन्ही बिजागऱ्या तेलानं चकाकत होत्या.